निखारे घरात आणू नकोस

यवतमाळच्या स्टँडवरून आमची एसटी सुटली तेव्हा ऊन उतरलं होतं, तरी खिडकीचा गज हाताला चटका देत होता. लग्नाला महिनाही झाला नव्हता. प्रशांतला हिंजवडीत नोकरी लागली होती आणि माझं 'तिथं गेल्यावर बघू' असं होतं. आई डोळ्याला पदर न लावता माझ्या पिशवीची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. बाबा खिडकीखाली उभे राहून वर बघत म्हणाले, "पोचली का फोन करजो. अन् तिथं कोणी बोलण्याले हसलं तं हसू देजो. मनावर घेऊ नको."

गाडी दारव्ह्याच्या रस्त्याला लागेपर्यंत अंधारून आलं. दोन्ही बाजूंची कापसाची वावरं मोकळी झाली होती आणि लोकांनी वाळलेल्या पऱ्हाट्या पेटवून दिल्या होत्या. लांबवर लाल रेघा सरकत होत्या. लहानपणापासून दर उन्हाळ्यात पाहिलेलं दृश्य, पण त्या दिवशी मी खिडकीतून मान काढून बघत राहिले. आगीजवळ माणूस कुठेच दिसत नव्हता. मी प्रशांतला म्हटलं, "हे कोणी पाहून नाही राहिलं का?" तो म्हणाला, "विझते ती आपोआप." आणि त्यानं खिडकी लावून घेतली.

मनोज, हे सगळं तुला आज लिहिते आहे ते तुझ्या श्रुतीमुळे. गेल्या आठवड्यात तिचा मेसेज आला. "आत्या, संडेला फ्लॅटवर बार्बेक्यू करतोय, बाल्कनीत. ग्रिल ऑनलाइन मागवलाय. टिप्स दे ना, बाबा म्हणतात आजोबा यात एक्सपर्ट होते." खाली कोंबडीच्या तंगडीचं चित्र. मी ते वाचलं आणि हातातला कप ओट्यावर ठेवून दिला. तिचा फ्लॅट मी पाहिलेला आहे. चौदावा मजला, आणि धूळ येते म्हणून बाल्कनी काचेनं पुरती बंद करून घेतलेली.

तिला काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी तुला सांगायला हवं. इतकी वर्षं सांगितलं नाही.

आम्ही पुण्यात आलो म्हणजे पुण्यात आलोच नव्हतो. शहर बरंच लांब राहिलं. आम्ही राहत होतो ते माण रस्त्यावरचं नवं बांधकाम, चार मजली, बाहेरून गिलावा न केलेलं. समोर काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या मध्ये अजून ज्वारीचे तुकडे होते. घरमालकीण हौसाआक्का. तिची जमीन कंपन्यांच्या पार्कात गेली, त्या पैशातून तिनं ही इमारत बांधली आणि आमच्यासारख्यांना खोल्या भाड्यानं दिल्या. तरी मागच्या बाजूला दोन म्हशी ठेवल्या होत्या. संध्याकाळी जिन्याच्या पायरीवर बसून ती एका निळ्या काचेकडे बोट दाखवायची. "त्या लिफ्टच्या जागी माझी हीर व्हती. गोड पानी. आता कुनाला सांगायचं?"

मी टेस्टिंगचा कोर्स केला, मलाही नोकरी लागली. पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये "मी रिपोर्ट करून राहिली आहे" म्हटलं आणि टेबलाभोवती हसू फिरलं. शेजारची पुण्याची मुलगी अगदी शांतपणे म्हणाली, "राहा हो, राहा. आम्ही कुठे जा म्हणतोय?" त्यानंतर मी ऑफिसात तोंड जपून उघडायला शिकले. घरी आलं की प्रशांतशीही तसंच बोलायला लागले. बाबांचा फोन आला की मात्र जीभ आपोआप वळायची आणि फोन ठेवल्यावर थोडा वेळ खोलीत कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं.

आमची लेक सई तीन-चार वर्षांची असताना प्रशांत टेक्सासला ऑनसाइट जाऊन आला. तिथल्या मॅनेजरनं दर शनिवारी अंगणात मांस भाजलेलं त्यानं पाहिलं होतं आणि तो खूळ घेऊन परतला. भोसरीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून तेलाचं पिंप उभं चिरून त्यानं शेगडी करून आणली, वर जाळी, खाली पाय. दर उन्हाळ्यात आक्काच्या गच्चीवर आम्ही ती मांडायचो. आजूबाजूच्या खोल्यांतली विदर्भातली पोरं जमायची. मंडईतून मी भरताची मोठी वांगी आणायचे, कोळसा तिथूनच पुढच्या वखारीतून.

श्रुतीनं विचारलेल्या टिप्स खरं तर तेव्हाच्या आहेत. कोळसा पेटवायला रॉकेल घालू नये, अन्नाला वास धरतो. नारळाची करवंटी आणि कापूर पुरतो. वांग्याला तेलाचा हात लावून सुरीनं टोचे मारावेत, नाहीतर ते फुटून अंगावर येतं. कोंबडी दही-आलं-लसणात आदल्या रात्रीपासून मुरवावी, पण गूळ-मध काही लावायचं असेल तर अगदी शेवटी, कारण गोड आधी जळतं. जाळी आधी चांगली तापू द्यावी आणि तुकडा टाकल्यावर सारखा उलटू नये, तो सुटायचा झाला की स्वतः सुटतो. सगळे निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू मंद ठेवावी. आणि सगळ्यात महत्त्वाचं ते बाबांचं. बाबा एका वर्षी मे महिन्यात सईला भेटायला आले होते. पेटल्या पेटल्या प्रशांत जाळीवर तुकडे मांडायला लागला, तर त्यांनी त्याच्या हातातला चिमटाच काढून घेतला.

"घाई काऊन करून राहिले जावईबुवा? जाळ उतरू द्या. इस्तोवर पांढरी राख चढू द्या. मंग पाहा."

आम्ही वाट पाहिली. लाल निखाऱ्यांवर, म्हणजे बाबांच्या इस्तोवर, हळूहळू पांढरी साय चढली, धूर थांबला, आवाज थांबला. वर हात धरला तर नुसती शांत, खोल ऊब. बाबा म्हणाले, "आता हा कामाचा झाला." त्या दिवशी वांगं आतून लोण्यासारखं निघालं. तुला माहीतच आहे, त्यांच्याइतकी आग कुणाला कळायची नाही. सगळ्या गल्लीचे रोडगे गोवऱ्यांत तेच भाजायचे.

पुढच्या रविवारी बाबांनीच रोडग्यांचा बेत ठरवला. आक्काकडून गोवऱ्या मागून घेतल्या. जाडसर कणीक, ओवा, तेलाचं मोहन, सगळं स्वतः मळलं. प्रशांतची कोंबडी एका बाजूला आणि बाबांचे रोडगे गोवऱ्यांच्या फुफाट्यात दुसऱ्या बाजूला. तो दिवस सकाळपासूनच बरा नव्हता. हवा हलत नव्हती. म्हशी पाणी पीत नव्हत्या. दुपारी पलीकडच्या डोंगराला कुणीतरी वणवा लावला होता, त्याची राख आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसत होती. मी दोनदा म्हटलं, आज नको. बाबा हसले. "पुण्याची झाली तू. राखेले भेते."

दिवस मावळायला आणि वारा सुटायला एक गाठ पडली. आधी धुळीचा एक लोट आला, मग दिवे गेले, मग चार-दोन जाड थेंब पडले आणि पुन्हा नुसता वारा. ठिणग्या उडायला लागल्या. गच्चीच्या कोपऱ्यात आक्कानं एक खोली बांधली होती, कुणा बॅचलरला द्यायची म्हणून. ती रिकामी होती. वाऱ्याला घाबरलेल्या सईला तिथे गादीवर निजवलं होतं. रोडगे अर्धे कच्चे होते.

बाबा म्हणाले, "घमेलं आणा. इस्तो आत घेऊ. एवढा सुंदर इस्तो वाया काऊन घालवायचा?"

प्रशांत क्षणभर थांबला. "बाबा, आत धूर होईल."

"कायचा धूर? पांढरा झाला आता तो. धूर संपला त्याचा."

आणि ते खरं होतं. धूर संपलाच होता. दोघांनी गोणपाटानं धरून घमेलं आत नेलं, रोडगे राखेत पुरले. धूळ येत होती म्हणून स्लायडिंगच्या खिडक्या ओढून घेतल्या, दार लावलं, खालच्या फटीत पोतं सारलं. मनोज, हे बाबांनी ठरवलं. तू इतकी वर्षं समजतोस तसं प्रशांतनं नाही.

मी वरण गरम करायला आणि तूप आणायला खाली आले, तेव्हा वाऱ्यानं दार उघडू नये म्हणून त्यांनी माझ्यामागे आतून कडी लावून घेतली. दुसऱ्या मजल्यावर आमची खोली. परत जिन्यात आले तर हौसाआक्का बॅटरी घेऊन पायरीवर उभी होती. "बघ गं, डोंगर पुन्यांदा पेटला." वारा पडला होता आणि अंधारात ती रेघ वर वर चढत होती. आम्ही बोलत उभ्या राहिलो. विहीर, म्हशी, तिच्या दत्ताचा गाड्यांचा धंदा. फार वेळ नसेल. पण बोलता बोलता मला जाणवलं की वरून काहीच ऐकू येत नाही. बाबा गप्प बसणारा माणूस नव्हता. झोपेतसुद्धा खाकरायचे.

"आक्का, वर आवाज नाही."

"जेवाया बसली असतील."

"माझ्याशिवाय?"

मी वर गेले. दाराच्या फटीतून तांबूस उजेडसुद्धा येत नव्हता. "बाबा, दार उघडा." काही नाही. "प्रशांत." आतून तो काहीतरी बोलला, पण ते शब्द नव्हते. दारूड्यासारखं जड काहीतरी. मग काहीतरी घसटलं आणि थांबलं. कडी आतून लागलेली. मी दार धडकवलं, आणि त्या आवाजानंसुद्धा सई रडली नाही.

बांधकामाच्या उरलेल्या विटा गच्चीवर पडल्या होत्या. मी वीट घेऊन काच फोडली, आत हात घालून खिडकीची खिट्टी सरकवली आणि चढून आत उतरले. हाताला कापलं ते नंतर कळलं. मागोमाग आलेल्या आक्कानं खिडकीतून बॅटरीचा झोत टाकला. आत ना धूर, ना वास. भाजलेल्या कणकेचा खमंग दरवळ होता, एवढंच. घमेल्यात निखारे निवांत होते. प्रशांत दाराजवळ गुडघ्यावर डोकं टेकून. बाबा भिंतीला पाठ लावून, चिमटा हातात, मान कलती, जणू रोडगे व्हायची वाट बघताहेत. कडी काढली, सईला उचलून बाहेर पळाले. आक्कानं तिला उघड्या वाऱ्यात पालथी धरली, पाठीवर थापट्या मारल्या. पोरीनं ओकारी काढली आणि मग रडली. ते रडणं ऐकून मी पुन्हा आत गेले.

आक्काच्या दत्तानं जीप काढली. हॉस्पिटलात डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "बंद खोलीत कोळसा होता?" मग त्यांनी समजावलं. जळत्या निखाऱ्यातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. माणसाला वाटतं, दमलोय. धूर नाही म्हणजे धोका नाही असं लोकांना वाटतं, ते म्हणाले, आणि त्यातच जातात.

सई ऑक्सिजनवर दुसऱ्या दिवशी खेळायला लागली. प्रशांतचं डोकं पंधरवडाभर दुखत होतं. बाबा सगळ्यात उशिरा शुद्धीवर आले. डोळे उघडून आढ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या घरी कधी काही झालं नाही." ते खरंच होतं. आपलं घर कौलारू. चुलीचा धूर कौलांतून वर, वारा दाराच्या फटीतून आत. हिवाळ्यात बाबा खुशाल शेगडी उशाशी घेऊन झोपायचे. त्यांना आग कळत होती. सिमेंटची बंद खोली त्यांच्या आयुष्यात कधी आलीच नव्हती.

बरे होऊन ते यवतमाळला परतले, हे तुला ठाऊक आहे. पुढचं तूच पाहिलंस. काही आठवड्यांनी आईचा फोन, "तुझ्या बाबाले सदऱ्याच्या गुंड्या लावता येऊन नाही राहिल्या." मग चालणं मंदावलं, मग ते वावरात जाऊन नुसते उभे राहायला लागले. डॉक्टर म्हणाले होते की मेंदूवरचा परिणाम कधी कधी उशिरा दिसतो. तूच दोघांना पुण्याला आणून सोडलंस. परतताना स्टँडवर तुला बसमध्ये बसवताना तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "ताई, पुण्यानं आपला बाप नेला." आणि प्रशांतनं पुढे केलेला हात तू घेतला नाहीस.

गाडी गेल्यावर मी प्रशांतला म्हटलं, मी त्याला खरं सांगते. तो म्हणाला, "नको. त्याला आधीच काय कमी झालंय? त्यात बाबांनी स्वतः केलं हे कशाला? माझ्यावर राग असू दे. राग धरायला कुणीतरी लागतंच." तो असं म्हणाला आणि मी ऐकलं. नंतर बाबा कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये बरीच वर्षं होते. प्रशांतच त्यांच्या गुंड्या लावायचा. प्राणिसंग्रहालयातून मोरांचा आवाज यायचा, तेव्हा बाबा मान वळवायचे, बाकी बोलणं जवळजवळ संपलं होतं. ते गेले, मागोमाग आई गेली, तू दोन्ही वेळा आलास आणि दिवस होताच परतलास. मग यवतमाळात काम मिळेना म्हणून श्रुतीला तुला इथेच पाठवावं लागलं. तेव्हाही तू फोनवर मला एवढंच म्हणालास, "लक्ष ठेवजो."

म्हणून मी त्या मेसेजला उत्तर टाइप केलं नाही. श्रुतीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, तिच्या आजोबांचं नाव घेऊन. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, पण त्यांना तर सगळं माहीत होतं ना?"

मी म्हटलं, "हो. म्हणूनच सांगते आहे."

"काच अर्धी उघडली तर?"

"नाही. पूर्ण उघडली तरी नाही. वर मोकळं आकाश पाहिजे. पाऊस आला तर अन्न वाया घालव, निखाऱ्यावर पाणी ओत, पण घमेलं उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. विझल्यासारखे दिसले तरी नाही."

"ओके," ती म्हणाली. त्या ओकेनं माझं समाधान झालं नाही. रविवारी दुपारीच प्रशांतला घेऊन निघाले. हिंजवडीचं ट्रॅफिक रविवारीही तुंबलेलं होतं. पुलाखाली गाडी अडकली, श्रुती फोन उचलत नव्हती, आणि पश्चिमेला आभाळ काळं झालं होतं. मी चौथ्यांदा फोन लावला. प्रशांत एरवी मला टोकतो, त्या दिवशी त्यानंच पुन्हा लाव म्हटलं.

चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर फ्लॅटचं दार सताड उघडं. आत कुणी नाही. वाऱ्यानं पडदे छताला लागले होते. सगळ्या खिडक्या, बाल्कनीची प्रत्येक काच, मागे सारलेली. समोरच्या बांधकामाची धूळ गाद्यांवर, लॅपटॉपवर, सिंकमधल्या भांड्यांवर बसली होती. ग्रिल नव्हता. आम्ही जिन्यानं गच्चीवर गेलो. सोसायटीच्या वॉचमनची परवानगी काढून तिथे तिघी मैत्रिणी ग्रिलभोवती उभ्या होत्या. शेजारी पाण्याच्या दोन बादल्या. फोन खाली चार्जिंगला राहिला होता.

"आत्या, राख चढू देतेय," श्रुती म्हणाली. "अजून काही टाकलं नाहीये. खाली खिडक्याही सगळ्या उघड्या ठेवल्यात, भीती नको म्हणून."

आम्ही जेवलो. कोंबडी थोडी करपली, वांगी छान झाली. पावसानं हुलकावणी दिली, तरी उठण्याआधी तिनं स्वतः निखाऱ्यांवर दोन्ही बादल्या ओतल्या. फुस्सकन वाफ उठली तेव्हा प्रशांत दोन पावलं मागे सरकला. मग तो कठड्याकडे तोंड करून उभा राहिला. श्रुती त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "काका, बाबांना मी सांगू?" तो म्हणाला, "तुझी आत्या लिहील."

म्हणून लिहिते आहे. बाबांना दोष द्यायला नाही. त्यांनी आयुष्यभर जे बरोबर केलं तेच त्या दिवशीही केलं, फक्त घर बदललं होतं. मला वाटतं आपण सगळेच असं काहीतरी सोबत घेऊन निघतो, तिथे जपणारं आणि इथे घात करणारं, आणि कोणतं ते आधी कळत नाही. घर कुठलं, असं मला इथे अजून लोक विचारतात, आणि मी यवतमाळ म्हणते. पण त्या संध्याकाळी खाली आल्यावर श्रुतीनं गादीवरची धूळ हातानं झटकली, उशी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, "उशीर झालाय, इथंच राहा दोघं." त्या धुळीनं माखलेल्या खोलीत मी चपला काढल्या तेव्हा कितीतरी वर्षांनी मला आपल्या घरात बसल्यासारखं वाटलं.

मनोज, तू ये. उन्हाळा संपायच्या आत ये. प्रशांत स्टँडवर घ्यायला येईल. हात पुढे करील की नाही, सांगता येत नाही. या वेळी तू कर.